चोवीस खुर्च्या, सहा कोंबड्या

गोमटेश चौगुलेनं करारावर सही केली नाही. परदेशातली नोकरी सोडून तो मौजे बोरडिग्रज, तालुका मिरज इथं परत आला आणि आता रोज दिवस मावळायच्या आत आईच्या हातचं जेवतो.

असं काही झालेलं नाही. वरचं सगळं विसरा. बोरडिग्रजमध्ये विचाराल तर गोमटेश अजून थायलंडातच आहे, आणि चौगुल्यांच्या दारात टॉवेल वाळत घालताना दिसतो तो त्याच्यासारखा दिसणारा कुणीतरी आहे. आपण शनिवारी सकाळी सात वाजता, बोटीच्या धक्क्यापासून सुरू करू.

धक्क्यावर गोमटेश पाच माणसांची वाट बघत उभा होता. वय एकोणतीस, विषय भूगोल, इयत्ता सहावी ते आठवी. थायलंडातल्या एका शाळेत त्याला दोन वर्षं झाली होती. त्याला तिथं आणलं वीरधवलनं. वीरधवल त्याचा जुना मित्र, कराडचा, त्याच शाळेत विज्ञान शिकवायचा. दोघं रोज संध्याकाळी शाळेमागच्या भिंतीवर बसून भांडायचे, सातारा जिल्हा शहाणा की सांगली. एप्रिलात वीरधवलचं लग्न झालं, तो शिरवळला एका कारखान्यात लागला, आणि भिंत एकट्या गोमटेशच्या वाट्याला आली. चार महिन्यांत तिच्यावर दुसरं कुणी बसलं नाही. एकदा एक सरडा येऊन बसला होता, पण त्यालाही काम निघालं.

शाळेतली माणसं वाईट नव्हती. रोज हसायची. पण एप्रिलपासून त्याला तिथं कुणी विचारलेला सर्वांत खोल प्रश्न होता, ‘प्रिंटरमधला कागद संपलाय का?’

आता शाळेनं करार पुढच्या दोन वर्षांसाठी वाढवायचं ठरवलं होतं. कागद पिशवीत होता, सही करायची मुदत सोमवारपर्यंत. असले निर्णय बोरडिग्रजमध्ये पारावर चार माणसं घेतात. इथं पार नव्हता, आणि मुख्य म्हणजे चार माणसं नव्हती. म्हणून गोमटेशनं एक युक्ती काढली. शिक्षकांच्या ग्रुपवर त्यानं टाकलं, शनिवार-रविवार को नोई बेटावर कोण कोण येणार? पाच जणांनी हात वर केले. त्यानं मनाशी नियम केला : पाचातला एक जरी आला तरी सही. एकही आला नाही तर सही नाही.

सव्वासातपर्यंत एकाचं पोट बिघडलं, एकीचं मांजर आजारी पडलं, एकाला आज शनिवार आहे हे कळलं नव्हतं आणि एक जण झोपेतच राहिला. संगीताच्या बाईंनी कारण दिलं नाही, नुसता अंगठा पाठवला. बोटवाल्यानं भोंगा वाजवला. गोमटेशनं सहा माणसांच्या हिशेबानं घेतलेली बिस्किटं उचलली आणि एकटाच बोटीत चढला.

बेट म्हणजे एक टेकडी, टेकडीवर एक छोटं देऊळ, खाली वाळू आणि वाळूवर आठ झोपड्या. झोपड्या चालवणाऱ्या बाईंचं नाव सोमजित. तिकडं मावशीला ‘पा’ म्हणतात, म्हणून सगळे त्यांना पा सोमजित म्हणायचे. साठीच्या, किडकिडीत, डोक्यावर मळकी निळी टोपी. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. गोमटेशला थाई भाषेतले अकरा शब्द यायचे, त्यातले सात ‘हे मी खात नाही’ एवढंच सांगण्यात खर्च व्हायचे.

तो सामान ठेवतोय तोवर आईचा व्हिडिओ कॉल आला.

गोमटेशची आई, म्हणजे गावाच्या चंदनबालाकाकू, रोज दोनदा फोन करायच्या. सकाळी ‘उठलास का’ आणि संध्याकाळी ‘जेवलास का’. जैनांच्या घरात दिवस मावळला की जेवण बंद. पण थायलंडात दिवस आधी मावळतो, आणि शाळेतून खोलीवर यायलाच गोमटेशला अंधार व्हायचा. पहिल्याच आठवड्यात त्यानं आईला सांगितलं होतं, रोज उपास पडतोय. काकूंनी दोन मिनिटं विचार केला आणि तोडगा काढला. “तुझ्याकडला मावळला आसंल. आपल्याकडं हाय की अजून ऊन. त्यातलं जेव.” तेव्हापासून दोन वर्षं गोमटेश बोरडिग्रजच्या उन्हात जेवत होता. याला शास्त्रात आधार नाही, पण काकूंनी शास्त्राला विचारलंही नव्हतं.

“पोचलासा का सगळी?” काकूंनी विचारलं.

“पोचलो.”

“सगळी आल्यात?”

“सगळी.”

“दाव की.”

गोमटेशनं इकडं तिकडं बघितलं. शेजारच्या झोपडीसमोर एक गोरं कुटुंब बसलं होतं. त्यानं शांतपणे फोन तिकडं वळवला.

“ह्यो लाल मानूस कोण?”

“गणिताचे सर.”

“आन ती बाई?”

“मराठीच्या... नव्हे, संगीताच्या बाई.”

“आरं, मग त्या सरांना सावलीत तरी बसीव. भाजलाय बिचारा. लोकाचं लेकरू घिऊन गेलायस, नीट बघ.”

गणिताच्या सरांनी कॅमेऱ्याकडं बघून हात हलवला. काकूंनी हात जोडले. गोमटेशनं विचारलं, “पाणी काय म्हणतंय?” ऑगस्ट होता. ऑगस्टात कृष्णाकाठी हा प्रश्न तब्येतीच्या आधी विचारतात.

“खाली हाय. लय खाली,” काकू म्हणाल्या आणि घाईनं फोन ठेवला.

दुपारी तीनच्या बोटीनं गणिताचे सर, संगीताच्या बाई आणि त्यांची दोन मुलं निघून गेली. आता आठ झोपड्यांत गोमटेश एकटाच पाहुणा. वाळूवर पांढऱ्या प्लास्टिकच्या चोवीस खुर्च्या मांडलेल्या. तो मधल्या एका खुर्चीत बसला. चोवीस खुर्च्यांत एकटं बसलं की सभेला कुणी न आलेल्या उमेदवारासारखं वाटतं. त्यानं उठून कडेची खुर्ची धरली. तिथं तर पडल्यासारखंच वाटलं.

आणि तेव्हा त्याचं लक्ष पाण्याकडं गेलं.

झोपड्यांपुढं वाळूत उतरणाऱ्या सिमेंटच्या सहा पायऱ्या होत्या. सकाळी पाणी सगळ्यांत खालच्या पायरीच्याही पलीकडं, पार लांब होतं. आता खालून पहिली पायरी ओली होती.

गोमटेश उभा राहिला. त्यानं एक काटकी शोधली, पाण्याच्या कडेला रोवली आणि घड्याळ बघितलं. अर्ध्या तासानं काटकी बुडाली होती आणि पाणी दुसऱ्या पायरीला लागलं होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्याच आठवड्यात, मंगळवारी, तिसऱ्या तासाला गोमटेशनं सहावीला भरती-ओहोटी शिकवली होती. चंद्र काढला होता. बाण काढले होते. एका पोरानं ‘सर, पाणी परत जातंच का?’ असं विचारल्यावर ‘नेहमी’ असं ठाम उत्तरही दिलं होतं. पण ते ज्ञान इंग्रजीत होतं आणि डोक्यात होतं. पाणी पायरी चढायला लागलं की काय करायचं, हे बोरडिग्रजच्या माणसाच्या गुडघ्यांत असतं, आणि गुडघ्यांना इंग्रजी येत नाही.

त्यानं वीरधवलला फोन लावला. मागं मशीनची घरघर ऐकू येत होती.

“बोल गड्या.”

“वीर, पाणी चढतंय रं.”

वीरधवलचा आवाज एकदम बदलला. “कुठवर?”

“दुसऱ्या पायरीला.”

“तासाला किती?”

“दोन पायऱ्या. जास्तच.”

“हे बघ, आमच्या नावानं बोंब मारू नगंस. आमी काय सोडलं न्हाई. कोयनेचं दरवाजं सकाळपास्नं हाय तसंच हायत.”

“तुमी कवा कबूल केलंय?”

“भांडाय येळ न्हाई. जनावरं किती?”

गोमटेशनं बघितलं. “दोन कुत्री, सहा कोंबड्या.”

“कोंबड्या आधी उचल. कुत्री आपली आपण येत्यात. गॅसची टाकी वर टाक, न्हाईतर तरंगत गावभर फिरंल. कागदपत्रं प्लास्टिकात बांध. म्हातारं मानूस कोण हाय का?”

“एक मावशी हायत.”

“त्यास्नी चुचकारून न्हे. म्हातारी मानसं उंबरा सोडत न्हाईत.” मग त्याला सुचलं. “गोमट्या, तू सध्या हाईस कुठं?”

“बेटावर.”

“कसल्या?”

“समुद्रातल्या.”

घरघर चालू राहिली. शिरवळमध्ये कुणीतरी शिट्टी मारली.

“तरीबी उचल,” वीरधवल म्हणाला. “समुद्राचा तरी काय भरवसा.”

गोमटेशनं आधी कराराचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधला. मग तो पा सोमजितकडं धावला, समुद्राकडं बोट दाखवून, पाण्याला त्यांच्या भाषेत जे म्हणतात ते दोनदा ओरडला. त्या आत गेल्या आणि त्याला पिण्याच्या पाण्याची गार बाटली आणून दिली. तो ती प्याला, कारण नको म्हणणं बरं दिसलं नसतं, आणि मग त्यानं कोंबड्यांचं खुराडं डोक्यावर घेतलं.

देवळापर्यंत टेकडीला साठेक पायऱ्या होत्या. त्यानं खुराडं वर ठेवलं आणि खाली आला. चार खुर्च्या एकात एक घालून वर नेल्या आणि खाली आला. गॅसची टाकी खांद्यावर घेऊन वर गेला, तेव्हा मध्ये एकदा बसला. खुर्च्यांची तिसरी खेप घेऊन तो निघाला तेव्हा त्याच्या पुढं कुणीतरी चालत होतं. पा सोमजित. हातात भात शिजवायचा विजेचा कुकर, त्याची वायर टोपीला गुंडाळलेली.

त्या बाईनं त्या बेटावर साठ वर्षं काढली होती. पाणी रोज पाचव्या पायरीपर्यंत येतं आणि जातं, हे तिला ठाऊक होतं. पाचव्या पायरीवर हिरवी शेवाळाची रेघ होती, ती गोमटेशशिवाय कुणालाही दिसली असती. तरी ती बाई कुकर घेऊन चढत होती. तिनं काही विचारलं नाही. बहुतेक कुणा पाहुण्यानं तिला ‘चला’ म्हटल्याला बरीच वर्षं झाली असावीत.

साडेपाचपर्यंत सगळं वर आलं. चोवीस खुर्च्या, टाकी, शेगडी, खुराडं, तांदळाचं पोतं, टीव्ही, आणि एक चौकटीतला फोटो. फोटोत एक मुलगी विमानतळावर उभी होती, मोठ्या बॅगेसह. पा सोमजितनं तो फोटो स्वतः आणला होता, आणि त्याला एक वेगळी खुर्ची दिली. कुत्री आपली आपण आली.

दोघं खुर्च्यांत बसले. बावीस खुर्च्या अजूनही उरत होत्या, त्यातली एक फोटोला. गोमटेशनं आईनं पाठवलेला बिनलसणाचा भडंग काढला. पा सोमजितनं मूठभर तोंडात टाकला, चावला, विचार केला आणि पुडा सरळ आपल्या मांडीवर घेतला. खाली पाणी पाचव्या पायरीला टेकलं. सूर्य समुद्रावर दोन बोटं उरला होता.

फोन वाजला.

“जेवलास का रं?” काकू म्हणाल्या. मग त्या थांबल्या. “तुझ्या मागं कोंबड्या कशा काय?”

गोमटेश उत्तर देणार होता. पण त्याचंही लक्ष आईच्या मागं गेलं होतं. तिच्या मागं पिठाचा डबा होता. पिठाचा डबा स्वैपाकघरात असतो, आणि स्वैपाकघराला निळा रंग आहे. मागची भिंत पिवळी होती. पिवळी भिंत माडीची.

“तुझ्या मागं पिठाचा डबा कसा काय?”

“साफसफाई काढलीया,” काकू म्हणाल्या.

“आमी पण.”

“टाकी का आणलीस वर?”

“तू का आणलीस?”

काकूंच्या मागं कोपऱ्यात भगवंतांचा फोटोही दिसत होता, तो खाली देवघरात असतो, आणि त्याच्या पायाशी गॅसची टाकी, आडवी. एकट्या बाईनं ओढत आणलेली टाकी आडवीच असते.

“कितवी पायरी?” गोमटेशनं विचारलं.

“तिसरी,” काकू म्हणाल्या. “तुझ्याकडं?”

“पाचवी.”

“आगं आई! मग तू खाली उतरू नगंस. सर आन बाई कुठं हायत?”

“गेले ते. तीनच्या बोटीनं.” गोमटेश म्हणाला. “आई, ते सर नव्हते.”

“ठावं हाय मला. एवढा लाल मानूस गणित कसा शिकवील.” मग त्या म्हणाल्या, “आदगोंडाकाका येतो म्हणालाय ट्रॅक्टर घिऊन. मी न्हाई जात. मागल्या बारीला गेलो तर चोर येऊन कुकर न्हेला. तू जेव. माझ्याकडं अजून ऊन हाय.”

गोमटेशनं फोन ठेवला. मग तो पा सोमजितकडं वळून मराठीत बोलू लागला. त्यानं हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायला सगळ्यांत योग्य माणूस मिळालं होतं, ज्याला एक अक्षर कळणार नव्हतं.

“एकोणीस सालच्या पुराला मी पुण्यात होतो, पा. बी.एड.ला. पाणी चढतंय कळल्यावर निघालो. कराडपर्यंत आलो. फुडं रस्ताच न्हवता. दोन दिवस वीरधवलच्या घरी बसलो. त्याच्या आईनं दोन येळा पुरणपोळी केली, पाहुणा आलाय म्हणून. मी खाल्ली. आमची आई तिकडं एकटी डबं वर चढवत हुती, आन मी पोळी खाल्ली. तूप मागून घेतलं.”

पा सोमजितनं ऐकून घेतलं. मग फोटोकडं बघत त्याही बोलल्या, साधारण तेवढंच लांब. मध्ये एकदा त्यांनी हातानं काहीतरी वाढल्यासारखं केलं. दोघांनी एकमेकांना मान डोलावली. भडंग संपला.

आणि मग पाणी उतरायला लागलं. पाचवी पायरी दिसली, मग जरा वेळानं चौथी. कुणी दरवाजे बंद केले नाहीत, कुठं पंचनामा झाला नाही, कुणी बोटीतून पाहणी केली नाही. पाणी आलं होतं तसं गेलं. गोमटेशनं मंगळवारी शिकवल्याप्रमाणेच. त्याला त्या पाण्याचा भयंकर राग आला.

रविवारी सकाळी सगळं खाली उतरवायला दोन तास लागले. शेवटच्या खेपेला पा सोमजितनं हातानं थांबवलं. दोन खुर्च्या वर देवळापाशीच राहू दे, असं त्यांचं म्हणणं दिसलं. का, ते विचारायला गोमटेशकडं बारावा शब्द नव्हता. दुपारच्या बोटीनं तो परत निघाला तेव्हा धक्क्यावर निळी टोपी होती. टोपीनं हात हलवला नाही. टोपी नुसती उभी राहिली, बोट वळेपर्यंत.

बोटीत त्यानं नियम पुन्हा तपासला. पाचातलं कुणी आलं नव्हतं, म्हणजे सही नाही. पण सहावं कुणीतरी साठ पायऱ्या चढून आलं होतं, आणि नियम करताना सहाव्याची तरतूदच ठेवलेली नव्हती. त्यानं आदगोंडाकाकाला फोन लावला. काका म्हणाले, “चवथीला टेकलंय. तुझी आई उतरत न्हाई बाबा. मी ट्रॅक्टर घिऊन दारात हुबा, आन ती वरनं इचारती, चहा घेतोस का? तूच सांग तिला. न्हाईतर तूच ये.”

सोमवारी पहिल्या तासाच्या आधी तो मुख्याध्यापकांच्या खोलीत गेला. ते परगावचे गृहस्थ, टाय लावणारे, मराठीचा वाराही न लागलेले. कागद जरा दमट होता, पण प्लास्टिकमुळं वाचला होता. सहीची जागा त्यानं कोरी सोडली. तिच्याखाली एक चौकट होती, ‘शिक्षकाच्या अन्य काही अपेक्षा असल्यास’. दोन वर्षांपूर्वी त्यात त्यानं ‘काही नाही’ लिहिलं होतं. आज त्यानं पेन घेतलं आणि सुवाच्य मराठी अक्षरात, चौकटीच्या बाहेर जात लिहिलं :

‘प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय : गाव वर्ग करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदार सन २०१९ च्या पुरावेळी कराड येथे अडकून पडल्याने घरी हजर राहू शकला नाही, व चालू पुरावेळीही आपल्या सेवेत असल्याने गैरहजर आहे. को नोई बेटावरील पाणी दररोज सायंकाळी आपोआप उतरते, ही बाब अर्जदाराने समक्ष पाहिली आहे. सबब मौजे बोरडिग्रज, ता. मिरज, जि. सांगली हे गाव, अर्जदाराच्या मातोश्री, माडी व पिठाचा डबा यांसह, पुढील भरतीपूर्वी सदर बेटाच्या हद्दीत वर्ग करण्यात यावे. वर्ग करताना तेथील सूर्यास्ताच्या वेळेत बदल करू नये. मातोश्रींना बसण्यासाठी देवळापाशी एक खुर्ची अगोदरच उपलब्ध असून, तिच्या शेजारी पा सोमजित बसतील. तोपर्यंत अर्जदाराची सही प्रलंबित समजण्यात यावी, ही नम्र विनंती.’